डोक्यावर पेला

यवतमाळ जिल्ह्यात कोणी आपण होऊन येतं, ही गोष्ट आमच्या गावात कोणालाच पटली नाही. आमच्याकडे माणसं बदलीवर येत, तीही रडत, आणि सामान उतरवायच्या आधी परत जायच्या खटपटीला लागत. त्यामुळे एक गोरी बाई समुद्र ओलांडून, पगार न घेता, पोरांना दूध पाजायला आली आहे असं बीडीओ साहेबांनी जाहीर केलं, तेव्हा लोकांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं आणि खरं कारण आपसात शोधायला लागले. कोणी म्हणालं, नवऱ्यानं टाकली असेल. कोणी म्हणालं, हिनंच त्याला टाकलं. पानठेल्यावर बसणाऱ्या एका पेन्शनर पोस्टमास्तरांचं मत असं, की तिकडे खून केला तर फाशी देत नसतील, आपल्या पांढरकवड्याला पाठवत असतील.

मी तिचा दुभाषी होतो. नुकताच बी.ए. झालो होतो, आमच्या घरातला पहिला आणि आमच्या वस्तीतलाही पहिला. हे मी मिरवायला सांगत नाही असं म्हणणार होतो, पण मिरवायलाच सांगतो आहे, त्यात लपवायचं काय? बाप जिनात कापसाच्या गाठी उचलायचा, माय लोकांच्या वावरात कापूस वेचायची आणि मी इंग्रजी बोलायचो. बीडीओ साहेबांनी विचारलं, "बाईचं बोलणं समजेल का तुला?" मी म्हणालो, "बाईला माझं समजतं का ते पाहा." समजलं. त्या दिवसापासून मी तिच्याबरोबर हिंडलो.

तिला नाव होतं, पण ते गावात कोणाच्या जिभेवर बसलं नाही. सगळे बाई म्हणत, मीही बाईच म्हणतो. वय पन्नाशीच्या आसपास. उंची आमच्या कोतवालाहून जास्त, आणि कोतवालाला हे आवडलं नव्हतं. पायात पुरुषी बूट, डोक्यावर गवताची टोपी आणि खांद्याला कापडात मढवलेली पत्र्याची बाटली. त्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी असे. ते सोडून ती दुसरं पाणी पीत नसे. बाटलीचं पुढं येईलच.

दुधाचं काम असं. तिच्या संस्थेकडून दूधपावडरीची पिंपं यायची. सकाळी, ती उतरली होती त्या डाकबंगल्याच्या आवारात, बाई मोठ्या कढईत पाणी उकळायची, घड्याळ हातात धरून. मग पावडर कालवायची, ड्रम बैलगाडीवर चढायचा आणि आम्ही शाळेत जायचो. पोरांनी घरून पेले आणायचे, बाई स्वतः वाढायची. पहिल्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं, की पोरं दोन घोट पितात आणि उरलेलं घरी नेतात. घरी त्याचा चहा होतो आणि तो मोठी माणसं पितात. बाईनं नियम काढला. दूध तिच्यासमोर प्यायचं आणि पेला आपल्याच डोक्यावर पालथा घालून दाखवायचा. केस ओले झाले तर पोरगं खोटारडं.

कायद्यानं जे साधत नाही ते या नियमानं साधलं. पण पोरांना तो नियम आहे हे कळलं नाही. त्यांना वाटलं, दूध प्यायची रीतच अशी आहे. मग ती पाणीही तसंच प्यायला लागली. एका लग्नात पंगतीतली सगळी पोरं कढीचे द्रोण डोक्यावर पालथे घालून बसलेली मी या डोळ्यांनी पाहिली. नवरीच्या मामानं विचारलं, "हे काय खूळ हाये बे?" एक पोरगं म्हणालं, "झालं, अजून वाढा."

शाळेत रांग लावायची तिची पद्धत उंचीची होती. सगळ्यांत बुटका पुढं. गावात आजवर रांगा बऱ्याच लागल्या होत्या, पण त्या कशा लावायच्या हे गाव ठरवत आलं होतं, आणि त्यात आमच्या वस्तीची पोरं शेवटी, जरा अंतर सोडून. उंचीच्या हिशेबात पाटलाचा नातू आमच्या वस्तीतल्या दोन पोरांच्या मधे आला. पाटील स्वतः शाळेत आले. मला म्हणाले, "बाईले सांग, आमचं पोट्टं तिथं काहून उभं केलं?" मी सांगितलं. बाईनं नातवाकडं पाहिलं, पाटलांकडं पाहिलं आणि म्हणाली, "कारण तो बुटका आहे. दूध पिऊ दे, पुढच्या वर्षी मागं जाईल." मी शब्दन् शब्द मराठीत केला. असली वाक्यं मी फार चोख करायचो.

बैलगाडीत ती कधी बसली नाही. बैलांना ड्रमचं ओझं पुरे, असं तिचं म्हणणं. ती गाडीच्या पुढं चालायची. बाई चालते म्हटल्यावर मलाही चालावं लागे. आम्ही दोघं चालतो म्हटल्यावर गाडीवान गोमाजीला बसायची लाज वाटे, मग तोही उतरे. बिन माणसाची गाडी आणि पुढं तीन माणसं, अशी आमची मिरवणूक उन्हातान्हात कोसन्‌कोस जायची. गोमाजी मला म्हणायचा, "भाऊ, बाप मेला तवा एवढा चाललो नाई मी."

मराठी ती माझ्याकडून शिकली नाही. मी तिला नीट व्याकरणासह शिकवायला निघालो होतो. तिला वेळ नव्हता. जे शिकली ते गोमाजीकडून आणि गोमाजी दिवसभर बोलायचा बैलांशी. त्यामुळे तिचं मराठी म्हणजे "चाल बे", "थांब बे", "सरक बे". ते ती सगळ्यांना सारखंच वापरायची. एकदा बीडीओ साहेब पाहणीला आले आणि अदबीनं उभे राहिले. बाईनं खुर्ची पुढं केली आणि प्रेमानं म्हणाली, "बस बे." साहेब बसले. करणार काय!

तिच्या देशातल्या म्हाताऱ्या बायांनी आमच्या पोरांसाठी लोकरीच्या टोप्या विणून पाठवल्या होत्या. त्या आल्या एप्रिलात. बाईनं पेटी उघडली, वर आकाशाकडं पाहिलं आणि टोप्या वाटल्या. पंधरा दिवसांनी एका वावराच्या कडेला आम्हाला एक वासरू दिसलं. त्याच्या तोंडाला लाल टोपी मुसकं म्हणून बांधली होती, म्हणजे त्यानं गाईला लुचू नये. मला वाटलं आता बाई चिडते. ती वाकली, टोपी नीट बसली आहे की नाही पाहिलं आणि एक गाठ सैल केली. त्या रात्री तिनं त्या म्हाताऱ्यांना लिहिलं, की तुमच्या टोप्या रोज वापरात आहेत. ती कधी खोटं बोलत नसे.

आता बाटली.

मे महिन्यात शाळेला सुटी लागली, तेव्हा दूध घरोघरच्या पोरांपर्यंत न्यायचं ठरलं. पहिल्या दिवशी आम्ही बंजाऱ्यांच्या तांड्यावर गेलो. नायकाच्या बायकोनं पाण्याचा लोटा आणला. बाईनं हात जोडले, मान हलवली आणि आपली बाटली तोंडाला लावली. मी सारवासारव करायला पुढं झालो. पण नायक बाटलीकडं कौतुकानं पाहत राहिला. म्हणाला, "हुशार बाई हाये. आमचे आजे बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडत, थेबी आपलं पानी आपल्यासंगच ठेवत. परक्या मुलखाचं पानी बाधते." लोटा परत गेला, पोरांनी दूध घेतलं, पेले डोक्यावर गेले. कोणाच्या मनात काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या वस्तीत गेलो.

आमच्या वस्तीनं छप्पनला दीक्षा घेतली. त्याआधी माझी माय गावच्या विहिरीच्या कट्ट्याखाली घागर घेऊन उभी राहायची, कोणाला तरी दया येईल आणि वरून ओतेल म्हणून. दीक्षेनंतर मागून आणणं बंद, उरलंसुरलं घेणं बंद आणि विहिरीखाली उभं राहणंही बंद. बाप आणि वस्तीतले गडी जिनातून सुटले की आपली विहीर खणायचे. खाली काळा पत्थर लागला, तोही फोडला. पाणी लागलं त्या दिवशी मायनं कोणाची वाट न पाहता घागर भरली आणि ती भरलेली घागर घेऊन उगाच वस्तीभर फिरून आली.

तेच पाणी मायनं बाईपुढं धरलं. पितळेचा पेला चिंचेनं घासून लखलखीत केला होता. उन्हानं बाईचं तोंड टोमॅटोसारखं झालेलं. बाईनं हात जोडले, मान हलवली आणि बाटली तोंडाला लावली. सगळ्या वस्तीसमोर.

माय पेला घेऊन घरात गेली. त्या दिवशी दूध वाटून झालं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर पोरं होती, पण पेले नव्हते. पोरं ड्रमभोवती हात मागं बांधून उभी. बाईनं विचारलं, पेले कुठं आहेत? मी मायला विचारलं. माय दारात ज्वारी पाखडत बसली होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, "सांग तुह्या बाईले. ज्याले आमचं पानी चालत नाई, त्याचं दूध आमाले चालत नाई."

"माय, तिला तसं नाही वाटत. ती पाटलाच्या घरचंही पाणी पीत नाही."

"पाटलाच्या घरी कोनी पानी नाई पेलं त पाटलाले काय फरक पडते?"

मी दुसरी वाट धरली. म्हणालो, "आपण उकळून देऊ. उकळलेलं पिईल ती."

मायनं सूप ठेवलं. "पाहुन्याले पानी उकळून देतेत का कोनी? आंगोयीले देतेत. आन आपल्या इहिरीचं पानी कायले आगीतून काढा लागते रे? इटाळ हाये काय त्याले?"

मी बाईला सगळं जसंच्या तसं सांगितलं. पाण्यावरून आमच्याकडं माणसाची किंमत कशी होते, विहिरीखाली उभं राहणं म्हणजे काय, सगळं. ती ड्रमच्या कडेला बसून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं एकच विचारलं, "पाणी खराब आहे का?"

"आमच्या विहिरीचं आहे."

"मी ते विचारलं नाही."

"असेल खराब," मी म्हणालो. "उन्हाळ्यात सगळ्याच विहिरींचं असतं. पाटलाच्याही."

तिनं मान हलवली. तिची अडचण तिनं तेव्हा पहिल्यांदा मला सांगितली. तिच्या संस्थेचा नियम कडक होता. स्वयंसेवक आजारी पडला की त्याला परत बोलवायचं, आणि त्याच्या जागी दुसरा येईलच असं नाही. तिच्या आधी दुसऱ्या जिल्ह्यात आलेल्या माणसानं विहिरीचं पाणी प्यायलं होतं. महिन्याच्या आत त्याला खाटेवर घालून बोटीपर्यंत पोचवावं लागलं, आणि वर्षभर तिथं कोणी गेलं नाही, दूधही नाही. "मी गेले तर तांड्याचंही जाईल, शाळेचंही जाईल," ती म्हणाली. "तुझ्या आईला सांग."

सांगितलं. माय म्हणाली, "जाऊ दे. दुधाबिगर एवढे मोठे झालो."

मग आठवडाभर असं चाललं, की बाई रोज यायची. रोज ड्रम उतरवायची, झाकण काढायची आणि टोपी घालून उन्हात उभी राहायची. पोरं हात मागं बांधून समोर उभी. दोन्ही बाजू एकमेकींकडं पाहायच्या. मग बाई झाकण लावायची. दूध टाकून द्यायचं नाही हाही तिचा नियम होता, त्यामुळे वस्तीच्या वाट्याचं दूध, पोटात मावेल तितकं, परतीच्या वाटेवर गोमाजीला प्यावं लागे आणि पेला डोक्यावर पालथा घालून दाखवावा लागे. त्या आठवड्यात गोमाजीची तब्येत चांगली सुधारली. भांडणात त्याची बाजू कोणती, हे त्यानं कोणालाच सांगितलं नाही.

एकदा वाटेत बाईनं मला विचारलं, "तुझी आई किती दिवस थांबेल?"

मी म्हणालो, "जन्मभर विहिरीखाली थांबून झालं आहे तिचं. थांबायचं म्हटलं, तर तुमचा तिच्यापुढं निभाव लागायचा नाही."

माझी स्थिती काय होती ते विचारू नका. मायचं खरं होतं आणि बाईचंही खरं होतं, आणि दोन्ही खरं मलाच दोन भाषांत बोलावं लागत होतं. रात्री माय मला वाढताना विचारायची, "आज काय म्हने तुही बाई?" सकाळी बाई विचारायची, "काल काय म्हणाली तुझी आई?" दोघींना एकमेकींची चौकशी फार.

आमच्या शेजारच्या घरातली एक पोरगी होती, चारेक वर्षांची, केस तांबूस झालेले, पोट तेवढं पुढं. थोरल्या भावामागं शाळेच्या रांगेत यायची. उंचीमुळे नेहमी पहिली. आठवड्याच्या शेवटच्या दिवशी बाईनं झाकण काढलं तशी ती पुढं आली. मागून तिच्या आईनं हाक मारली, तर तिथंच थांबली. ड्रमकडं पाहिलं, बाईकडं पाहिलं. मग रिकामा हात उचलून आपल्या डोक्यावर पालथा ठेवला आणि दाखवला. झालं.

बाईनं झाकण खाली ठेवलं. खांद्यावरची बाटली काढली आणि गोमाजीच्या हातात दिली. सरळ आमच्या दारापुढं जाऊन उभी राहिली आणि मायला म्हणाली, "पाणी."

हा शब्द तिला येत होता हे मला माहीत नव्हतं. गोमाजीनं बैलांना तो रोज ऐकवला असणार.

माय उठली. घाई केली नाही. पेला घेतला, पुन्हा एकदा पदरानं पुसला, माठातून भरला आणि बाईच्या हातात दिला. मी बाईला इंग्रजीत म्हणालो, "एक घोट घेतला तरी चालेल." तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं ती केस ओले झालेल्या पोराकडं पाही. पूर्ण पेला प्यायली. न थांबता.

तेवढ्यात ती पोरगी ओरडली, "डोक्यावर, बाई! डोक्यावर!"

मग सगळीच पोरं ओरडायला लागली. बाईनं गवताची टोपी काढली, काखेत धरली आणि पेला आपल्या डोक्यावर पालथा घातला. पिकल्या केसांवर पितळेचा पेला, आणि चेहरा पंचायत समितीच्या सभेत बसावं तसा गंभीर. मायनं पुढं होऊन पेला उचलला. बाईचे केस बोटांनी चाचपून पाहिले. कोरडे होते.

"आना रे पेले," माय पोरांना म्हणाली.

त्या दिवशी ड्रम रिकामा झाला. गोमाजीला काही मिळालं नाही.

तिसऱ्या दिवसापासून बाईला झाडांचा नाद लागला. चालता चालता ती थांबायची, पळसाचं एखादं दाट झुडूप निवडायची आणि "थांब बे" म्हणून आत जायची. बऱ्याच वेळानं परत यायची, चेहरा पांढराफटक, टोपी सरळ, आणि म्हणायची, "चाल बे." काम तिनं एकही दिवस चुकवलं नाही. बीडीओ साहेबांनी तब्येतीचं विचारलं, तर म्हणाली, "मी रोज चालते." हेही खरंच होतं.

गोमाजीनं वस्तीत येऊन सांगितलं, "बाईले झाडाचा लय शोक लागला. दिसलं पयस की घुसली."

मायनं ऐकलं आणि माझ्याकडं वळली. "काय झालं तिले?"

पाणी बाधलं, मी सांगितलं. आणि हे कोणाला कळलं तर तिला परत पाठवतील, हेही पुन्हा सांगितलं.

"असं होईन हे तिले मालूम होतं?"

"मालूम होतं, माय. मी तुला तेव्हाच सांगितलं होतं."

"तू सांगतलं होतं. पन मले वाटलं, थे बहाना करून राह्यली." मायनं उठून सुक्या बेलफळाचा काढा केला आणि माझ्या हाती डाकबंगल्यावर पाठवला. काढा उकळलेलाच असतो, त्यामुळे तो बाईच्या नियमात बसला. ती बरी झाली. दूध पुढं वर्षभर चाललं. पाटलाचा नातू खरोखर रांगेत दोन पोरं मागं गेला.

त्यानंतर बाई वस्तीत आली की पहिल्यांदा आमच्या दारी यायची, आणि माय तिला पाणी द्यायची. एक दिवस मी पहाटे उठलो तर चुलीवर पातेलं. आत पाणी खदखदत होतं, आणि माय त्याच्याकडं पाहत बसली होती. आंघोळीचं म्हणावं तर पातेलं लहान. बाजूला नवा कोरा माठ ठेवलेला, तोंडाला धुतलेलं फडकं बांधून.

मी म्हणालो, "काय व माय, पाहुण्याला कोणी पाणी उकळून देतं का?"

मायनं जाळ पुढं सारला.

"थे आता पाहुनी कुठी राह्यली," ती म्हणाली.